कूट चालतं, दाणा नाही

पोह्यांची बशी समोर आली की मी लेकाच्या बशीतले दाणे वेचून माझ्या बशीत टाकते आणि प्रश्न येतोच. "दाणे का देत नाहीस गं त्याला? अ‍ॅलर्जी आहे का?" बारशाला, गौरींच्या जेवणाला, सोसायटीच्या बागेत, सगळीकडे. आजवर "हो, थोडी आहे" म्हणून मी वेळ मारून नेत आले. ते खोटं आहे. अ‍ॅलर्जी म्हटलं की विषय आमच्या एकट्या मुलाचा होतो आणि तुमच्या मुलाच्या बशीत दाणे तसेच राहतात, म्हणून आता नीट सांगते.

त्याला दाण्याची अ‍ॅलर्जी नाही. सातव्या महिन्यापासून तो दाण्याचं कूट खातोय. काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, उपासाच्या आमटीत. उलट, लवकर आणि नेमाने दाणे पोटात गेले तर त्यांची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी होते, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे कूट बारीक, मिक्सरमधून दोनदा फिरवलेलं, हवं तेवढं. अख्खा किंवा अर्धा दाणा मात्र नाही.

कारण दातांत आहे. पुढचे दात तोडतात, दळत नाहीत. दळायला दाढा लागतात. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात, त्यांच्या मागच्या 23 ते 33 महिन्यांत. तोवर मुलाने दाणा चावला की त्याच्या गुळगुळीत दोन पाकळ्या होतात आणि त्या जिभेवर सुट्या फिरत राहतात. त्याच क्षणी मूल हसलं, रडलं, धावलं, तर आत घेतलेल्या श्वासाबरोबर पाकळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते. तिथून थोडं जास्त करून उजवीकडे, कारण उजव्या फुप्फुसाकडे जाणारी नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ खाली उतरणारी असते.

"आम्ही सगळे दाणे खाऊनच मोठे झालो." मान्य. बहुतेक मुलं गिळतात किंवा खोकून बाहेर काढतात. आमच्या मजल्यावरची एक आई द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्यायची, तेव्हा मीही तिला हेच म्हणाले होते, "एवढं कशाला?" तेव्हाच्या मला आज काही समजावता येईल असं वाटत नाही. तिने ऐकलं नसतं.

लेक 19 महिन्यांचा होता. रविवार सकाळ, पोहे. तळलेले दाणे वाटीत काढून ओट्याच्या कडेला ठेवलेले. सासूबाईंनी त्यातले दोन-चार त्याच्या हातावर ठेवले. पण वाटी तिथे ठेवली होती मी, हे आधीच सांगते, कारण गेलं वर्षभर लोकांना गोष्ट सांगताना मी हे वाक्य गाळत आले आहे. तो दाणे खात खात बाबाकडे पळाला, बाबाने उचलून गुदगुल्या केल्या आणि ठसका लागला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, खोकला थांबेना. आम्ही पिढ्यानपिढ्या जे करतात तेच केलं. टाळूवर थापटलं, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ" म्हटलं, पाणी पाजलं. दोनेक मिनिटांत खोकला थांबला. तो खाली उतरून गाडी खेळायला लागला. आम्ही पोहे खाल्ले.

खोकला थांबला म्हणजे दाणा बाहेर आला, असं नसतं. पाकळी एकदा खालच्या नळीत बसली की घसा शांत होतो. तास, दिवस, कधी आठवडे मूल ठीक दिसतं. तिसऱ्या रात्री त्याला खोकला सुरू झाला आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. पावसाळा होता, पुण्यात घरोघरी मुलं खोकत होती. डॉक्टरांनी सिझनचं आहे म्हणून नेब्युलायझर दिला. दोन दिवस बरं, मग परत तेच. ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं. "बालदमा असू शकेल," असंही ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात वेगळ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे लावला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात खाताना ठसका लागला होता का?"

मी म्हणाले, "नाही."

मला आठवत नव्हतं असं नाही. दोन मिनिटांचा ठसका, तो थांबलाही होता, तो यात मोजायचा असतो हे मला माहीत नव्हतं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, हेही खरं. यातलं कोणतं कारण जास्त खरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "घरात दाणे, फुटाणे त्याच्या हाताला लागतील असे असतात का?" तेव्हा सासूबाईच बोलल्या. "रविवारी मी दिले होते," त्या म्हणाल्या. वाटीबद्दल मी तेव्हाही बोलले नाही.

एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही. नाणं दिसतं, सेल दिसतो, दाणा नाही. उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जरा काळं आणि फुगलेलं होतं, एवढंच. श्वास आत घेताना नळी रुंदावते, हवा पाकळीच्या कडेने आत शिरते. श्वास सोडताना नळी आकसते आणि हवा अडकते. शिट्टी एकाच बाजूला ऐकू येणं ही खरी खूण होती, ती आधी कुणी धरली नाही. चौदाव्या दिवशी पूर्ण भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घातली. त्याआधी सहा तास खाणं आणि वरचं दूध बंद. 19 महिन्यांच्या मुलाला भूक लागली आहे आणि द्यायचं नाही, हे त्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही.

नंतर सर्जननी एका छोट्या डबीत ते दाखवलं. सालाशिवायची पाकळी, पाणी पिऊन फुगलेली, पांढुरकी, कडांना भुगा झालेली. चिमट्याने धरताना तिचे दोन तुकडे झाले होते, ते एकेक करून काढावे लागले. दाण्यातल्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं, म्हणून जितका उशीर तितकं काढणं अवघड. रात्री ऑक्सिजनखाली झोपवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. दाणे, फुटाणे, चणे, काजू-बदाम अख्खे नाहीत, पूड करून. पॉपकॉर्न, खडीसाखर, गोळ्या नाहीत. गाजर आणि सफरचंद किसून किंवा वाफवून. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. गोल चकत्या नकोत, चकती नळीवर झाकणासारखी बसते. सासवडची सीताफळं आली की बिया मी स्वतः काढते, एकही सोडत नाही, कारण ती बी दाण्याइतकीच निसरडी असते. खाणं बसून, पाठ ताठ, तोंडात घास असताना हसवायचं नाही. बागेत वाटी घेऊन मुलामागे धावणं बंद केलं. त्यामुळे तो कमी जेवतो. तेही चालतं.

बोरन्हाणावरून घरात भांडण झालं. बोरं, चुरमुरे, हरभरे, हलवा, उसाचे करवे, शेंगा डोक्यावरून ओतायच्या आणि बाकीच्या मुलांनी झडप घालून वेचून तोंडात कोंबायच्या. आवडता सण आहे, माझाही. यंदा मी झेंडूच्या पाकळ्या आणि सीलबंद बिस्किटपुडे घेतले. नणंद म्हणाली, हे बोरन्हाण नाही. बरोबर आहे तिचं.

आणि ठसका लागलाच तर. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या, पाणी नको, टाळूवर थापटणं नको. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले, तर एक वर्षावरच्या मुलाला मांडीवर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधे पाच दणके द्या. नाही निघालं तर मागून मिठीत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर पाच झटके. पुन्हा पाठ, पुन्हा पोट. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला दणक्यांनंतर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब द्यायचे. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, अडकलेलं आणखी आत जातं. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात 108 लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. आणि खोकला थांबला तरी त्यानंतरच्या कुठल्याही खोकल्यात डॉक्टरांना तो ठसका सांगा, विचारलं नाही तरी.

"मग कधी देणार?" हा त्यापुढचा प्रश्न. चार वर्षांपर्यंत नाही, असं डॉक्टर सांगतात, काही जण पाच म्हणतात. तो आता 33 महिन्यांचा आहे, मागच्या दाढा आल्यात, कडक पोळीही चावून खातो. कदाचित त्याला आताही जमेल. पाळणाघरात मी लेखी दिलंय, तिथल्या ताई वैतागतात, ते मला दिसतं. सासूबाई पोह्यांत आता कूट भुरभुरतात. चव लागत नाही, पण त्या काही म्हणत नाहीत. वाटीचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे त्या वाचतील.