तुम्ही विचारलंत म्हणून : नेम धरताना कोणता डोळा मिटायचा?

लातूरला गंजगोलाईजवळ माझे चष्म्याचे दुकान आहे, आणि रात्री शटर ओढल्यावर घरी जाण्याआधी तास-दीड तास मी औसा रोडवरच्या एका स्नूकर पार्लरमध्ये असतो. दुकानात चष्म्याचे नंबर काढायचे आणि पार्लरमध्ये स्वतः एखादी फ्रेम, म्हणजे एक डाव, खेळून पोरांचा खेळ बघत बसायचे, असा दिनक्रम असल्यामुळे एक प्रश्न मला दोन्हीकडे गाठतो : “काका, नेम धरताना कोणता डोळा मिटायचा?” विचारणारे बहुतेक जण नीटच्या तयारीसाठी खोल्या करून राहिलेले, क्लासच्या दोन बॅचमधला वेळ चोरून आलेले विद्यार्थी असतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून ते पुरते उमगत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढतो. उत्तर असे की कोणताही डोळा मिटायचा नाही. मात्र दोन्ही डोळे उघडे असले तरी त्यांतला एकच पुढारपण करत असतो, आणि क्यू, म्हणजे खेळायची लांब काठी, हनुवटीखाली नेमका कुठे यावा हे त्या डोळ्याला विचारून ठरवावे लागते.

डोळा मिटण्याची सवय लागते कुठून, हे मला माहीत आहे. सुतार रंधलेल्या फळीचा बाक बघताना एक डोळा मिटतो, आणि एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हाती घेतलेल्या मुलालाही तसेच शिकवलेले असते. त्या दोन्ही ठिकाणी ते चालते, कारण रायफल गालाला टेकते आणि तिचा मागचा साइट, पुढचा साइट आणि लक्ष्य ही तिन्ही एका डोळ्याच्या थेट समोर एका रेषेत येतात. स्नूकरमध्ये क्यू डोळ्यासमोर नसतो. तो हनुवटीला घासून, डोळ्यांच्या खालून जातो. शिवाय टिप, म्हणजे क्यूचे पुढचे टोक, पांढऱ्या चेंडूपासून किती दूर आहे, आणि तो पांढरा ज्याच्यावर मारायचा त्या लाल चेंडूपासून किती दूर आहे, हे अंतर जोखायला दोन्ही डोळे लागतात. एक डोळा गच्च मिटला की ती जोख कमी होतेच, वर गाल आवळतो, गालामागून मान आणि मानेमागून खांदा आवळतो, आणि मोकळा राहायला हवा असा हात त्या खांद्यालाच लोंबत असतो. आणि चुकून पुढारी डोळाच मिटला गेला, तर बोलायलाच नको.

पुढारी म्हणजे प्रबळ डोळा. तो कोणता हे काढायला दवाखान्याची गरज नाही. दोन्ही हात सरळ पुढे करून पंजे एकमेकांवर असे ठेवा की मध्ये रुपयाएवढी फट राहील, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहा. आता हात न हलवता आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ फटीत जागच्या जागी दिसते, तो प्रबळ; दुसऱ्याला तिथे नुसती भिंत किंवा स्वतःचाच तळवा दिसेल. ही युक्ती आजची नव्हे. जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या इटालियन पंडिताने या तऱ्हेची परीक्षा १५९३ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ निघतो आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांचा डावा. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचा डोळाही उजवाच असेल, असे नाही. दुकानात गंमत म्हणून ही परीक्षा करून पाहिलेल्या कित्येक उजखोऱ्यांनी हात खाली घेतल्यावर माझ्याकडे संशयाने पाहिले आहे. आणि प्रबळ डोळा म्हणजे जास्त स्वच्छ दिसणारा डोळा, हाही समज काढून टाकावा. नंबर जास्त असलेला डोळाच प्रबळ निघाल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता याचा नेमाशी संबंध काय, ते बोटाने पाहू. हाताचे बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा आणि त्याच्या पलीकडे, दाराच्या कडीकडे बघा. बोटे दोन दिसतील, विरविरीत आणि एकमेकांपासून थोडी लांब. क्यूचेही तसेच होते. खाली वाकून नजर लांबच्या चेंडूवर ठेवली की जवळचा क्यू खरे तर दोन दिसायला हवा, कारण दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा सेंटीमीटरचे अंतर असते आणि प्रत्येक डोळा क्यूकडे आपल्या जागेवरून बघतो. पण मेंदू त्या दोन चित्रांतले एकच खरे धरतो, दुसरे बाजूला सारतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. ज्या डोळ्याच्या बरोबर खाली क्यू आहे त्याला तो सरळ चेंडूकडे गेलेला दिसतो, तर दुसऱ्याला तोच क्यू बाजूने तिरपा शिरताना दिसतो. मेंदूने खरे धरलेले चित्र जर या दुसऱ्या डोळ्याचे असेल, तर खेळणारा अगदी प्रामाणिकपणे, डोळ्यांना दिसते तसा तो “तिरपा” क्यू सरळ करायला जातो, आणि सरळ असलेला क्यू तिरपा करून बसतो.

एवढ्याशा तिरपेपणाने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने एकदा हिशोब करून पाहावा. टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर. निळा चेंडू टेबलाच्या मध्यावरच्या आपल्या ठिपक्यावर असेल तर तिथून वरच्या कोपऱ्याचे पॉकेट, म्हणजे चेंडू पाडायचे भोक, सुमारे दोन मीटर दूर पडते. सरळ रेषेतल्या फटक्यात पांढरा निळ्याला एक मिलिमीटर, फक्त एक मिलिमीटर, बाजूला लागला, तर निळा जवळपास एक अंशाने वळतो आणि दोन मीटर जाईपर्यंत ३८ मिलिमीटर भरकटतो. पॉकेटचे तोंड साधारण साडेतीन इंचांचे, म्हणजे चेंडू मधोमध आला तर त्याच्या दोन्ही अंगांना अठरा-अठरा मिलिमीटरची मोकळीक. अर्धा मिलिमीटर चुकले तर जबड्यावर, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या कडेवर, खडखडून आत पडण्याची थोडी आशा असते. पूर्ण मिलिमीटर चुकले तर आशा ठेवू नये.

दोन वर्षांपूर्वी अहमदपूरकडचा एक मुलगा पार्लरमध्ये येऊ लागला. उजव्या हाताचा, हात मऊ, जवळचे चेंडू असे सहज पॉट करायचा, म्हणजे पॉकेटात पाडायचा, की इतर टेबलांवरची पोरे थांबून बघायची. पण लांबचा सरळ निळा त्याला जात नसे, आणि दर वेळी तो डाव्याच जबड्यावर आपटत असे. त्याने क्यू बदलला, टिप बदलून घेतली, टेबलाला उतार आहे असाही निष्कर्ष काढून झाला. मी एके दिवशी पांढरा तपकिरी ठिपक्यावर ठेवून त्याला सांगितले, की त्याच सरळ रेषेतल्या निळ्या, गुलाबी आणि काळ्या ठिपक्यांवरून वरच्या कुशनपर्यंत, म्हणजे टेबलाच्या रबरी काठापर्यंत, मार आणि परत टिपेवर आण. पांढरा दर वेळी वीतभर बाजूने परत आला. मग मी पॉकेटमागे गुडघ्यावर बसलो आणि समोरून त्याच्याकडे पाहिले. क्यू त्याच्या उजव्या डोळ्याखाली होता, मूठ मात्र मागे बरगड्यांकडे ओढलेली होती, त्यामुळे क्यू डावीकडून उजवीकडे तिरका चालत होता. पांढरा निळ्याच्या उजव्या अंगाला लागणार आणि निळा डावीकडे जाणार, हे मग आलेच. पंज्यांच्या फटीतून घड्याळ बघायला लावले, तर डोळा डावा निघाला. त्याचा डावा डोळा त्याला सांगत होता की क्यू वाकडा आहे, आणि हा बिचारा त्याचे ऐकून मूठ आत घेत होता.

त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण त्याच खड्ड्यात मी दोन वर्षे काढली आहेत. कॉलेजच्या दिवसांत मी संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका क्लबात खेळायला जात असे. तिथे शिकवणाऱ्या गृहस्थांचा नियम होता की क्यू हनुवटीच्या खळीत, मधोमधच यायला हवा. माझा डोळाही डावा, आणि क्यू आपोआप डावीकडे सरकायचा. तो सरकला की ते छडीने हनुवटी डावीकडे, क्यूच्या वर, ढकलत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण मधोमध क्यू येणे ही ज्याची त्याची ठेवण आहे, नियम नव्हे. ज्यांच्या दोन डोळ्यांमध्ये फारशी चढाओढ नसते त्यांना मध्य मानवतो. एका डोळ्याचा वरचष्मा असेल त्यांचा क्यू त्या बाजूला थोडा किंवा बराच सरकतो. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जगज्जेता झालेल्या जो डेव्हिस यांचा उजवा डोळा अधू होता आणि त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून चालत असे. हे मला आधी माहीत असते तर हनुवटी वाचली असती.

चष्मा लावणाऱ्यांसाठी, आता दुकानदार म्हणून, थोडे वेगळे सांगतो. खाली वाकल्यावर मान वर करून बघावे लागते, त्यामुळे नजर काचेच्या मध्यातून न जाता वरच्या कडेतून जाते, कधी फ्रेमच्याही वरून निसटते. काचेच्या मध्यापासून दूर बघितले की दृश्य सरकते : दोन नंबरच्या काचेतून मध्यापासून एक सेंटीमीटर बाजूने पाहिले, तर मीटरभर अंतरावरची वस्तू दोन सेंटीमीटर हललेली दिसते. दोन्ही डोळ्यांचे नंबर सारखे असतील तर दोन्ही चित्रे सारखीच सरकतात आणि निभावून जाते. एक डोळा एक नंबरचा आणि दुसरा तीनचा असेल, तर दोन चित्रे दोन उंचींवर जातात आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात शेवटच्या काळ्यावर स्टीव्ह डेव्हिसला १८-१७ ने हरवणाऱ्या डेनिस टेलरचा तो उलटा घातल्यासारखा दिसणारा प्रचंड चष्मा लोकांना विनोदी वाटला, पण वाकलेल्या माणसाच्या नजरेसमोर काच आणण्याचा तो सरळ उपाय होता. मुलांना मी तसा चष्मा सुचवत नाही, कारण आयांना तो दाखवणे कठीण आहे; मोठ्या काचेची, नाकावर थोडी वर बसणारी फ्रेम घ्या, एवढे सांगतो.

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो : डोळा बदलता येतो का? पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावणे हा लहान मुलांवरचा वैद्यकीय उपचार आहे. निळा पॉट व्हावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्यात काही अर्थ नाही. बदलायचे ते डोके ठेवण्याची जागा. त्यातही एक मेख आहे. नजर बरीच डावीकडे किंवा उजवीकडे वळली की प्रबळपण एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून घड्याळाची परीक्षा उभ्याने करून थांबू नये. टेबलावर वाकून, चेहरा रेषेला समोरासमोर ठेवून, पलीकडच्या कुशनवर ठेवलेल्या चॉककडे बघावे आणि डोके बोट-बोटभर डावी-उजवीकडे सरकवत जावे. एका जागी क्यू चॉकमध्ये खुपसल्यासारखा सरळ दिसतो. त्या वेळी हनुवटीचा जो भाग क्यूला लागला असेल, तो लक्षात ठेवावा आणि पुढे महिनाभर तिथून हलू नये. पहिले चार-सहा दिवस खेळ आणखी बिघडतो, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पोरे तिसऱ्या दिवशी जुन्या जागेवर परततात.

आणि नेम मुळात वाकून धरायचा नसतोच. तो उभ्याने, फटक्याच्या रेषेमागे राहून धरायचा असतो आणि मग त्या रेषेवरून चालत येऊन त्याच रेषेवर डोके खाली आणायचे असते. मृगात तिफण धरणारा माणूस फणांकडे बघत नाही. पलीकडच्या बांधावरची बाभूळ नजरेत ठेवतो, आणि तास सरळ येतात. फटका बसताना नजर लांबच्या चेंडूवरच हवी. टिपेकडे बघत मारणाऱ्याला कोणत्याच डोळ्याचा उपयोग होत नाही.

अहमदपूरच्या मुलाने क्यू डाव्या डोळ्याखाली घेतला. पहिला आठवडा त्याने मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असाव्यात, कारण जवळचे चेंडूही सुटू लागले होते. दुसऱ्या महिन्यात पांढरा चारही ठिपक्यांवरून जाऊन टिपेवर परत येऊ लागला. मागच्या दिवाळीत गावाकडे जाताना तो दुकानात आला, तेव्हा हनुवटीच्या डाव्या अंगाला क्यूचा पुसट काळा पट्टा होता आणि चेहऱ्यावर तक्रार होती, की लांबचा निळा अजूनही दहातून तीन-चारदा जातच नाही. “कुठे लागतो?” मी विचारले. थोडा आठवून तो म्हणाला, “काका, तसं नक्की काही नाही. कधी डाव्या जबड्यावर, कधी उजव्या.” मी त्याला आत बोलावून चहा पाजला.