उत्तर कुठं आहे?

चौथीच्या वर्गावर एकदा तपासणीला साहेब आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पोरांकडं बघून कानडीत विचारलं, "उत्तर यल्लिदे?" मग शाळा मराठी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. स्वतःच मराठी करून म्हणाले, "उत्तर कुठं आहे, उत्तर?"

पहिल्या बाकावरचं पोरगं उभं राहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणालं, "पुस्तकाच्या शेवटच्या पानावर!"

त्याचं काय चुकलं? नुकताच गणिताचा तास झाला होता. साहेब भले होते, हसले. "अरे, दिशा विचारतोय मी. उत्तर दिशा." त्यासरशी सगळ्या वर्गानं हात वर केले. मला आधी वाटलं, सगळ्यांनाच उत्तर द्यायचंय आणि माझी छाती फुगली. पण हात खाली येईनात. मग दिसलं, एकेक बोट वर कौलांकडं रोखलेलं आहे. उत्तर दिशा आढ्याला होती.

चूक पोरांची नव्हती, माझी होती. चार दिवस मी फळ्यावर नकाशा टांगून घोकून घेत होते, "वर उत्तर, खाली दक्षिण". पोरांनी ते जसंच्या तसं घेतलं. वर म्हणजे वर!

बेळगाव तालुक्यातल्या आणि खानापुरातल्या मराठी शाळांतून मी 1988 पासून 2024 पर्यंत शिकवलं. पाढे, बाराखडी, शुद्धलेखन यांत माझा हात कुणी धरला नसता. नकाशानं मात्र मला दरवर्षी नव्यानं तोंडावर पाडलं.

दिशा शिकवायची एक पिढीजात रीत आहे. उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे. डावा हात उत्तर, उजवा दक्षिण, पाठीमागं पश्चिम. मैदानात प्रार्थनेच्या वेळी हे झकास जमतं. वर्गात गेलं की बाकं पश्चिमेला तोंड करून, आणि पोरं पुन्हा डावा हात वर करून "उत्तर!" म्हणून ओरडतात. सूर्य विसरला जातो, हात लक्षात राहतो. एकदा मी एका मुलीला उलटं उभं केलं आणि विचारलं, "आता उत्तर कुठं?" तिनं डाव्या हाताकडं बघितलं, उजव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, ती पण फिरली की."

पण खरी पंचाईत नदीनं केली. आमच्या एका शाळेपासून हाकेच्या अंतरावर मार्कंडेय नदी. राकसकोपचा तलाव हिच्यावरच, बेळगाव शहर त्याचं पाणी पितं, हे पोरांना ठाऊक होतं. तर भिंतीवरच्या नकाशात मी छडी फिरवत होते. ही बघा मार्कंडेय, इथून निघाली, अशी अशी गेली आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळाली. छडी खालून डावीकडून वर उजवीकडं गेली, कारण नदी ईशान्येलाच वाहते. मागच्या बाकावरचा एकजण कधीच तोंड उघडायचा नाही. त्यानं विचारलं, "बाई, नदी चढ चढूलालीय काय?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं. (पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही नव्हतं.) मलप्रभाही तशीच. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी उगम, तिथून खानापूर करत पूर्वेला आणि मग वर कूडलसंगमला कृष्णेत. भिंतीवर बघावं तर आमच्या भागातल्या सगळ्या नद्या जिना चढायला निघाल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात गोकाक आपल्यापेक्षा कितीतरी सखल, घटप्रभा तिथं 170 फुटांवरून कोसळते आणि मार्कंडेय स्वतः गोडचिनमलकीला उड्या घेत उतरते. हे सगळं मी सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि नकाशाकडं बघत राहिला. डोळ्यांना जे दिसत होतं त्यापुढं माझं बोलणं कमी पडत होतं.

टीसीएच, म्हणजे शिक्षकाचा कोर्स, करताना आम्हाला शिकवलं होतं, की नकाशा आधी जमिनीवर पसरावा, दिशा जुळवाव्यात, मग भिंतीवर टांगावा. पेपरात मी ते लिहिलंही होतं आणि मार्कही पडले होते. करून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरनं नकाशा उतरवला आणि फरशीवर अंथरला. आमच्या त्या वर्गाचं दार उत्तरेला होतं, म्हणून नकाशाचा माथा दाराकडं केला. मग मैदानातली माती आणून शेजारी डोंगर केले, पश्चिमेला उंच, पूर्वेला उतरते. बोटानं खाच पाडली आणि तांब्यानं पाणी सोडलं. पाणी फरशीवरनं घरंगळत गोकाकच्या दिशेला गेलं आणि तिथं बसलेल्या दोघींच्या परकरांत शिरलं. नदी चढत नव्हती. त्या मागच्या बाकावरच्या पोरानं पुन्हा पुन्हा पाणी ओतून खात्री करून घेतली. तांब्या काढून घ्यावा लागला.

तेव्हापासून माझा नकाशाचा तास जमिनीवर. भिंतीवरचा नकाशा हा टांगलेल्या कोटासारखा असतो, असं माझं मत झालंय. अंगात घातल्याशिवाय तो कुणाच्या मापाचा आहे ते कळत नाही.

जिल्ह्याच्याही आधी 'माझे घर ते माझी शाळा' असा नकाशा काढायचा असतो. हे नकाशे मी अजून जपून ठेवलेत, कुळकर्ण्यांच्या दप्तरासारखे. त्यात देऊळ, हीर, डेअरी या खुणा सगळ्यांच्या सारख्या. सूची मात्र ज्याची त्याची. एकानं गल्लीच्या कोपऱ्यावर लाल फुली मारली होती आणि सूचीत लिहिलं होतं, 'कुत्रे'. त्या कोपऱ्यापासून त्याचा रस्ता वाकडा होऊन परड्यातनं जात होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी, रस्ते लाल. लाल रंग धोक्याला वापरायची अक्कल आमच्याच पोराला सुचली.

एका मुलीनं घरापासून शाळेपर्यंत दोन रस्ते काढले होते, एक लांबलचक, एक आखूड. मला माहीत होतं, तिच्या घराकडनं रस्ता एकच आहे. विचारलं तर म्हणाली, "हा जाताना, हा येताना." मी तांबड्या शाईनं 'प्रमाण चुकले' असा शेरा मारला. तो कागद आज हातात घेतला की शेरा खोडावासा वाटतो. सकाळी शाळेला जाताना तिच्या डोक्यावर डेअरीत घालायच्या दुधाची किटली असायची.

प्रमाण शिकवायला गुंठ्यानं मला फार हात दिला. चौरस मीटर म्हटलं की पोरांचे डोळे विझतात, गुंठा म्हटलं की सगळे सावध होतात. बापाच्या आणि चुलत्याच्या भांडणात त्यांनी तो शब्द दूध पिताना ऐकलेला असतो. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, झाला गुंठा. असे 40 म्हणजे एकर. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीची साखळीच 33 फुटांची, रुपयासारखी सोळा आण्यांत वाटलेली. आम्ही साखळीऐवजी हिरीची दोरी घेतली, गाठी मारल्या आणि शाळेचं मैदान मोजलं. तीन गुंठे आणि थोडं वर भरलं. सगळ्या देशाची मोजणीही अशीच साखळीनं सुरू झाली, 1802 साली, मद्रासला, लॅम्बटन नावाच्या साहेबानं, असं मी सांगत होते तर एकानं विचारलं, "त्याचं पण बांधावरनं भांडण होतं काय?" या प्रश्नाला आमच्या भागात उत्तर न देणंच बरं.

जिल्ह्यांची यादी पाठ करून घेणं हा मात्र रुक्ष भाग, आणि तो माझ्या नोकरीत सारखा वाढत गेला. मी लागले तेव्हा कर्नाटकात 20 जिल्हे होते. 1997 साली एका दमात 27 झाले, बागलकोट, गदग, हावेरी त्यातलेच. मग 29, मग 30, शेवटी 2021 साली विजयनगर धरून 31. मधल्या काळात, 2014 साली, नकाशावरचं बेळगावही बेळगावी झालं. पोरं छापील नाव वाचायची 'बेळगावी' आणि पुस्तक मिटलं की म्हणायची, "आज बा बेळगावला गेलाय." त्यांचं काही अडत नव्हतं. नकाशा शब्दाचंही तसंच. कानडीच्या तासाला तो 'नक्षे', आमच्या तासाला 'नकाशा'; एक पोरगी मला 'नकाशे' म्हणून मधल्या वाटेनं गेली.

माझी शेवटची शाळा बाचीच्या अंगाला होती. वेंगुर्ला रोडवर बाची संपली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. वर्गातल्या निम्म्या पोरांचं आजोळ पलीकडं, आणि पलीकडची माणसं दवाखान्याला, बाजाराला बेळगावात. 1956 पासून या रेघेवर जे काही चाललंय ते पोरांना मला शिकवावं लागलं नाही. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला घरातली माणसं कुठं जातात ते त्यांना दिसतंच. पण नकाशा जमिनीवर अंथरला तेव्हा एक निराळीच अडचण आली. मी म्हटलं, "आपापल्या आज्जीच्या गावावर चिंचोका ठेवा." निम्म्या पोरांचे हात नकाशाच्या कडेशी येऊन थांबले. कर्नाटकाच्या रेघेबाहेर नुसता पांढरा कागद, त्यावर 'महाराष्ट्र' आणि 'गोवा' एवढी दोन नावं. ना गाव, ना नदी. ताम्रपर्णीही नाही.

"ठेवा की," मी म्हटलं.

चिंचोके पांढऱ्या कागदावर आले, रेघेपासून बोटभर अंतरावर. मग कुणाचा बा गोव्यात गवंडी होता, त्याचा चिंचोका वीतभरही लांब गेला नाही. मग कुणाचा काका मुंबईला. तो कुठं ठेवायचा? कागद तर संपला. पट्टी घेतली, नकाशावर एक सेंटिमीटरला सहा किलोमीटर असं प्रमाण होतं, हिशेब केला. माझ्या सव्वातीन वितींवर मुंबई निघाली. ती कागद ओलांडून शहाबादी फरशीवर, थेट दाराच्या उंबऱ्याशी आली. एकानं लगेच दुसऱ्या बाजूला बेंगळूर मोजलं, ते पावणेचार विती. "म्हणजे मुंबई जवळ, बाई," असं त्यानं पुटपुटत सांगितलं, आणि दुसऱ्यानं ताबडतोब भर घातली, की त्याचा मामा बेंगळूरला आहे आणि गाडी रात्री बसली की सकाळी पोचते, मुंबईचीही तशीच.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळे उठले, पण दारातून धडाधड पळायचं सोडून एकेकजण उंबऱ्याशी थबकायला लागला.

"काय झालं रे?"

"मुंबईवरनं जाऊलालोय, बाई. काका चिरडंल," असं म्हणत त्यानं डबा काखेत मारला आणि चिंचोका चुकवून बाहेर उडी मारली.