ला लीगा गुणतक्ता: तिघे ४२ वर आणि व्हॅलेन्सिया भलत्याच जागी

ला लीगा म्हणजे स्पेनची अव्वल फुटबॉल लीग. तिचा गुणतक्ता, बरोबरी सोडवायच्या नियमांसह, स्प्रेडशीटमध्ये लावणारं सूत्रांचं इंजिन इथे तयार होतंय. त्यात २०२२-२३ चा हंगाम घातला आणि व्हॅलेन्सिया १५वा आला. प्रत्यक्षात १५वा गेटाफे होता आणि व्हॅलेन्सिया १६वा. बाकीचे अठरा संघ आपापल्या जागी, गुण बरोबर, गोल बरोबर, फक्त ही एक जोडी उलटी. अख्खा तक्ता विस्कटला तर दोष पटकन सापडतो. एकच जोडी उलटते तेव्हा डेटा धुतल्या तांदळासारखा असतो आणि गडबड नियम लावण्याच्या क्रमात असते.

आधी जे जमलं ते. मागच्या नोंदीतला तीन चौकटींचा आराखडा टिकला. 'गुण', 'फरक' (गोलफरक) आणि 'झाले' (झालेले सामने) या २० बाय २० च्या चौकटी, आडव्या ओळीत संघ, उभ्या स्तंभात प्रतिस्पर्धी. सामन्यांच्या पानावर यजमानाचे गुण आणि पाहुण्याचे गुण असे दोन मदतनीस स्तंभ काढले की चौकटीतल्या प्रत्येक घरात फक्त दोन सम-इफ्सची (अटीत बसणाऱ्या ओळींची बेरीज करणारं सूत्र) बेरीज उरते: एक घरच्या सामन्यासाठी, एक बाहेरच्यासाठी. इथे समप्रॉडक्ट (घरं एकेक गुणून बेरीज करणारं सूत्र) वापरू नका. १२०० घरं, प्रत्येक घर ३८० ओळी चाळणार, आणि फेरी बदलायचा स्लायडर हलवला की सगळं पुन्हा. सम-इफ्सवर तोच स्लायडर लोण्यासारखा फिरतो. इनडायरेक्ट आणि ऑफसेट ही सूत्रं तर दाराबाहेरच ठेवा. पानावर कुठेही काही टाइप केलं तरी ती पुन्हा मोजत बसतात.

मदतनीस स्तंभात गोलाचं घर रिकामं आहे का हे आधी तपासा. न झालेला सामना शीटला ०-० वाटतो आणि दोन्ही संघांना गुपचूप एकेक गुण मिळतो. सप्टेंबरमध्येच सगळे संघ तिशीच्या पुढे दिसले तर हेच झालेलं असतं.

दोन संघांच्या बरोबरीत इंजिन पहिल्या दमात पास झालं. २००६-०७ मध्ये रिअल माद्रिद आणि बार्सिलोना दोघे ७६ वर. एकूण गोलफरक बार्साचा +४५, माद्रिदचा +२६. पण ला लीगात आधी आपसातले सामने बघतात: माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर माद्रिद २-०, बार्साच्या कॅम्प नोऊवर ३-३. आपसात ४ विरुद्ध १ गुण, जेतेपद माद्रिदकडे. १९९३-९४ जरा जास्त मजेशीर. बार्सा आणि देपोर्तिवो ५६ वर, आपसात एकेक विजय, म्हणजे आपसातले गुणही सारखे. आपल्या रियाझोर मैदानावर देपोर्तिवो १-०, कॅम्प नोऊवर बार्सा ३-०, म्हणून आपसातल्या गोलफरकावर बार्सा. शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला देपोर्तिवोच्या जुकिचची पेनल्टी व्हॅलेन्सियाच्या गोलरक्षकाने अडवली नसती तर हा नियम लागलाच नसता. १९८०-८१ ची रिअल सोसिएदाद आणि माद्रिदची बरोबरीही तशीच सुटते: आपल्या अतोचा मैदानावर सोसिएदाद ३-१, बर्नाबेऊवर माद्रिद १-०, आणि आपसातल्या ३-२ वर सोसिएदाद विजेता. विजयाला दोन गुण असलेले हंगाम वेगळ्या कॉलमने हाताळले आहेत. तीन गुणांची पद्धत १९९५-९६ पासून.

आता ती जोडी. २०२२-२३ च्या शेवटी कादिझ, गेटाफे आणि व्हॅलेन्सिया तिघेही ४२ वर. या तिघांतले सहा सामने असे: व्हॅलेन्सियाने घरी गेटाफेला ५-१ धुतलं, गेटाफेने आपल्या मैदानावर १-० ने परतफेड केली. कादिझने व्हॅलेन्सियाला दोन्हीकडे हरवलं, घरी २-१ आणि व्हॅलेन्सियाच्या मेस्तायावर १-०. कादिझ-गेटाफेचे दोन्ही सामने बरोबरीत, ०-० आणि २-२. तिघांचा छोटा तक्ता मांडला की कादिझ ८, गेटाफे ५, व्हॅलेन्सिया ३. संपलं, हाच अंतिम क्रम. एकूण गोलफरक पाहिला तर व्हॅलेन्सिया -३, गेटाफे -११, कादिझ -२३, म्हणजे क्रम अगदी उफराटा. तपासणीसाठी यापेक्षा चांगला हंगाम नाही, म्हणून तो नमुन्यांच्या पानावर कायमचा चिकटवून ठेवावा.

मग इंजिनाने व्हॅलेन्सियाला वर का ढकललं? स्पॅनिश महासंघाच्या नियमावलीचा आशय असा: निकष क्रमाने लावायचे, एखाद्या निकषाने एखाद्या क्लबची बरोबरी सुटली की तो क्लब बाहेर, आणि उरलेल्यांना ते दोन आहेत की जास्त त्यानुसार नियम पुन्हा लावायचे. हे वाचून सरळ लूप सुचतो: पहिला आलेला काढा, उरलेल्यांसाठी पहिल्यापासून सुरू करा. आपल्याकडे बहुतेकांच्या शीटमध्ये हाच लूप आहे. आता तो इथे चालवा. कादिझ ८ गुणांवर बाहेर पडला. उरले गेटाफे आणि व्हॅलेन्सिया. दोघांतच पाहिलं तर एकेक विजय, गुण ३-३, गोल ५-२, व्हॅलेन्सिया वर! पण ८-५-३ या एकाच फटक्यात तिघांचीही बरोबरी सुटली होती. गेटाफे आणि व्हॅलेन्सिया यांच्यात सोडवायला काही उरलंच नव्हतं. लूपने उगाच त्यांना पुन्हा आखाड्यात उतरवलं.

तेव्हा काम असं व्हायला हवं: एक निकष अख्ख्या गटाला एकदम लावा, मिळालेल्या आकड्यांनुसार गटाचे तुकडे करा, आणि ज्या तुकड्यात दोन किंवा जास्त संघ अजून सारखे आहेत फक्त तेच तुकडे पुन्हा पहिल्या निकषाकडे पाठवा. एकटा पडलेला संघ जिथे आहे तिथेच पक्का.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास आढळते: पुन्हा सुरुवातीला जायचंच नाही, छोट्या तक्त्यात गुण, मग त्याच तक्त्यातला गोलफरक, असं सरळ खाली उतरत जायचं. २०२२-२३ ला हे बरोबर उत्तर देतं, म्हणून त्या हंगामावर भिस्त ठेवून चालत नाही. काल्पनिक नमुना घ्या. अ, ब, क सारख्या गुणांवर. अ ने ब ला दोन्ही वेळा ४-० हरवलं. अ आणि क ने एकमेकांना १-० असं एकेकदा. ब ने क ला १-० हरवलं आणि दुसरा सामना ०-०. छोटा तक्ता: अ ९, ब ४, क ४. अ बाहेर. सरळ खाली उतरणारं इंजिन आता तिघांच्याच तक्त्यातला गोलफरक बघतं, ब -७, क -१, आणि क ला वर लावतं. नियमाने मात्र ब आणि क दोघेच उरले, दोघांतल्या सामन्यात ब चे ४ गुण, क चा १, ब वर. दोन्ही नमुने एकत्र ठेवले तरच दोन्ही चुका पकडल्या जातात.

शीटमध्ये हे बसवायची युक्ती गट-क्रमांकाच्या स्तंभाची. पहिला स्तंभ: एकूण गुणांनुसार क्रमांक, बरोबरीतल्या सगळ्यांना एकच आकडा, समजा तिघांनाही १४. पुढच्या स्तंभात त्याच गट-क्रमांकाच्या संघांविरुद्धचे गुण. 'गुण' चौकटीतली आपली ओळ आणि 'गट सारखा आहे का' हा मुखवटा (हो तर १, नाही तर ०) यांचा समप्रॉडक्ट. (इथे चालतो, वीसच घरं.) मग नवा गट-क्रमांक म्हणजे जुना क्रमांक अधिक, त्याच जुन्या गटात आपल्याहून जास्त आकडा असलेल्या संघांची संख्या. कादिझ १४ + ०, गेटाफे १४ + १, व्हॅलेन्सिया १४ + २. यात एक सोय आहे: तुकडा पडला नसेल तर तोच निकष पुन्हा लावून काही बिघडत नाही, सगळे पुन्हा सारखेच येतात. म्हणून जोड्या ओळीने लावता येतात: गुण, गुण, फरक, गुण, फरक, मग एकूण गोलफरक, मग पुन्हा गुण, फरक, मग एकूण केलेले गोल. त्यानंतर नियमावलीत खिलाडूपणाचे गुण येतात, पण ते निकालांच्या फाइलमध्ये नसतात; तिथे इंजिनाने चूपचाप वर्णानुक्रम लावू नये, नावापुढे तारा द्यावा.

सगळे निकष एका मोठ्या आकड्यात कोंबायचा जुना जुगाड, म्हणजे गुण गुणिले लाख अधिक आपसातले गुण गुणिले हजार वगैरे, आता सोडाच. त्यात ऋण गोलफरक वरच्या निकषातून उसना घेतो. ५०० मिळवून तो धन करता येतो, पण पुन्हा सुरुवातीला जाणं त्या आकड्याला कधीच जमणार नाही.

हंगाम चालू असताना आणखी एक पेच. आपसातले सगळे सामने झाले नसतील तर ला लीगात तो निकष लागत नाही, तोवर एकूण गोलफरकच. 'झाले' चौकट त्यासाठीच आहे. पण अट संघावर लावायची नाही, गटावर लावायची. तिघांच्या बरोबरीत एका संघाचे चारही सामने झालेले असू शकतात आणि बाकी दोघांचा एक उरलेला. संघनिहाय अट ठेवली तर एका संघाला आपसातला आकडा मिळतो, दोघांना शून्य, आणि तक्ता कोलमडतो. गटात न संघ असतील तर 'झाले' च्या मुखवटा लावलेल्या ओळींची गटभराची बेरीज २ × न × (न - १) यायला हवी, कारण प्रत्येक सामना दोनदा मोजला जातो. तिघांसाठी १२, चौघांसाठी २४. कमी आली की हा निकष अख्ख्या गटासाठी बंद.

स्लायडर फेरीवर ठेवायचा की तारखेवर, हा वाद मागे अर्धवट राहिला होता. तारखेवर. २०२४-२५ मधला व्हॅलेन्सिया-रिअल माद्रिद सामना पुरामुळे लांबला आणि ३ जानेवारी २०२५ ला झाला. फेरीवर चाळणी लावली की तो निकाल नोव्हेंबरच्या तक्त्यात शिरतो आणि माद्रिदला दोन महिने आधीच तीन गुण मिळतात.

नावांचं एक. संघांची नावं देवनागरीत ठेवणाऱ्यांना हमखास नडणारी गोष्ट: वेगवेगळी नावं काढणाऱ्या युनिक फॉर्म्युल्याच्या यादीत २१ संघ येतात आणि डोळ्यांना दोन 'ॲथलेटिक' अगदी सारखे दिसतात. एकात सुरुवातीचं 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप झालेलं असतं, दुसऱ्यात 'अ' वर वेगळी चंद्रकोर. शीटसाठी ते दोन निराळे संघ, आणि ॲथलेटिक बिल्बाओचे सामने अर्धे इकडे, अर्धे तिकडे. फोनवरचा कीबोर्ड आणि संगणकावरचा कीबोर्ड आलटून पालटून वापरला की हे होतंच. लेन फॉर्म्युल्याने अक्षरं मोजा, एकाची लांबी एकाने जास्त निघेल. पक्का उपाय म्हणजे सामन्यांच्या पानावर नाव टाइपच करायचं नाही; १ ते २० क्रमांक टाका, नाव फक्त शेवटच्या तक्त्यात यादीतून ओढा. ॲथलेटिक आणि ॲटलेटिको यांची अदलाबदलही त्यानेच थांबते.

पुढचा बेत शेवटच्या पाच फेऱ्यांचा अंदाज शीटमध्येच दहा हजार वेळा चालवायचा होता. ही नोंद लिहिता लिहिता तो रद्द. वरची जोड्यांची साखळी बघा: ती म्हणजे स्वतःलाच हाक मारणारं एक फंक्शन आहे, स्तंभांमध्ये लांबवर पसरवलेलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ते तीसेक ओळींत बसतं. गट आणि निकषाचा क्रमांक आत घ्या. निकष लावून तुकडे करा. एकाहून जास्त तुकडे पडले तर प्रत्येक बरोबरीतला तुकडा पहिल्या निकषासह परत त्याच फंक्शनला द्या. एकच तुकडा राहिला तर तोच गट पुढच्या निकषासह द्या. दर हाकेला गट तरी लहान होतो किंवा निकष तरी पुढे सरकतो, त्यामुळे अडकायची भीती नाही. चौघांची, पाचांची बरोबरी आली तरी स्तंभ वाढवायला नकोत. शीट आता फक्त पडताळणीला: दोन्हीकडचा क्रम वेगळा आला तर लाल.

निकषांची यादी फंक्शनच्या बाहेर ठेवली तर इतर लीगही फुकटात मिळतात. इंग्लंडवाल्यांना ही डोकेदुखीच नाही, तिथे गुणांनंतर थेट एकूण गोलफरक. इटलीत मात्र २०२२-२३ पासून जेतेपदाची किंवा रेलिगेशनच्या (खालच्या लीगात घसरण्याच्या) रेषेवरची दोघांची बरोबरी सामना खेळून सुटते; त्याच हंगामात स्पेझिया आणि वेरोना ३१ वर अडकले आणि वेरोनाने तो सामना ३-१ जिंकला. म्हणजे यादीत 'इथे थांबा, सामना हवा' असाही एक निकष लागेल.

जुन्या हंगामांत १९९५-९६ आणि १९९६-९७ ला २२ संघ, ४२ फेऱ्या, ४६२ सामने. चौकटी २२ च्या केल्या की चालतात, वीस संघांच्या हंगामात दोन ओळी रिकाम्या. १९८६-८७ सध्या बाजूला. त्या वर्षी ३४ फेऱ्यांनंतर सहा-सहाचे तीन गट पाडून आणखी दहा सामने खेळवले, म्हणजे एकाच गटातले दोन संघ चारदा भेटले. २ × न × (न - १) ची अट तिथे दुप्पट करावी लागेल, आणि दुसऱ्या टप्प्यात संघांनी आपापल्या गटाबाहेर जायचं नाही हेही इंजिनाला वेगळं सांगावं लागेल. पायथनची आवृत्ती २०२२-२३ आणि अ-ब-क दोन्हींवर पास झाली की तो हंगाम हाती घ्यायचा.