समासातले प्रश्न

अमृतमहोत्सव समितीचे पत्र गेल्या महिन्यात मिळाले. शाळेने आपल्याला काय दिले, हे दोन पानांत लिहून पाठवावे, अशी त्यात विनंती आहे. इमारतीविषयी, प्रार्थनेविषयी, क्रीडांगणावरच्या पराक्रमांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते केवळ मराठीच्या सरांविषयी. शाळेत मराठी शिकविणारे शिक्षक अनेक होऊन गेले. परंतु आमच्या काळात ‘मराठीचे सर’ म्हटले की सायकलच्या कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा बांधून येणारी एकच मूर्ती डोळ्यांसमोर येत असे, त्यामुळे नाव लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

1974 साली मी आठवीत गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी निबंधाची वही दप्तरात ठेवायला सांगितली आणि रोजच्या नोंदीची वही सुरू केली. घरी, रस्त्यात, नदीवर जे पाहिले किंवा ऐकले त्यातली एक गोष्ट एका पानात लिहायची. मात्र पुस्तकातला सूर्योदय नको, अशी सक्त ताकीद होती. सर या वहीला गुण देत नसत आणि ‘छान’ असा शेराही मारीत नसत. समासात लाल शाईने एखादा प्रश्न लिहून ते वही परत करीत. नदीला पाणी वाढले, असे लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी विचारले, ‘आयर्विन पुलाच्या खांबावर कुठवर?’ तो मुलगा त्यानंतर पावसाळाभर शाळेत येण्यापूर्वी सांगलीच्या त्या पुलावर जाऊन येऊ लागला. सुगरणीच्या घरट्यांविषयी लिहिणाऱ्या दुसऱ्याला विचारले, ‘घरटी बाभळीच्या कोणत्या अंगाला लटकतात?’ त्याने मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पाहिले, तर बहुतेक सगळी पूर्वेच्या अंगाला होती. पाऊसवारा पश्चिमेकडून येतो, तो चुकविण्यासाठी पाखरू झाडाची आडोशाची बाजू निवडते, हे सरांनी मग सांगितले; आधी नाही.

आम्ही हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या संगमापासून आमचे घर हाकेच्या अंतरावर होते. माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, हळदीच्या पेवांवर काम करीत. सांगलीच्या बाजारात आलेली हळद हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या या पेवांत साठविली जाई. पेवाचे तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच, पण आत ते ऐसपैस रुंद. तोंड फरशीने आणि मातीने बंद केले की हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राही. पेव उघडायचे म्हणजे आदल्या दिवशीच तोंड मोकळे करून ठेवावे लागे, कारण आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. मग दोरीला बांधलेला कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरायचा, विझली तर थांबायचे. हे सगळे मी एका पानात लिहिले. आमच्या वर्गात पेवाविषयी लिहिणारी मी एकटीच असल्यामुळे मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. वही परत आली तेव्हा समासात प्रश्न होता : ‘कंदील टिकला, माणूस उतरला, त्यानंतर तो खाली ठीक आहे हे वरच्यांना कसे कळे?’

मी रात्री आबांना विचारले. ते अबोल गृहस्थ होते. घरात त्यांचा आवाज जेवायला बसताना आणि म्हैस सुटली तरच ऐकू येई. ते म्हणाले, “कळायचं काय त्यात? उतरलेला गडी बोलत राह्यचा. बोलणं थांबलं की वरनं कमरंची दोरी वढायची. मला बोलाय यायचं न्हाई, मग मी गायचो.” आमच्या घरात आबांना गाता येते हे कोणाला ठाऊक नव्हते. आजीनेसुद्धा भाकरी थापता थापता मान वर केली. काय गात होता, असे विचारले तेव्हा त्यांनी जी हकीकत सांगितली ती मी दुसऱ्या दिवशी अडीच पाने भरून लिहिली.

आबा लहान असताना हळदीच्या गाडीबरोबर सांगलीला गेले होते. पेठेत गंधर्व कंपनीचे नाटक लागलेले होते. तिकिटाला पैसे नव्हते आणि बैल सोडून जाण्याची सोयही नव्हती, म्हणून गाडी थिएटरच्या मागच्या गल्लीत लावून ते जुवाला टेकून रात्रभर नाटक ऐकत राहिले. पदांचे शब्द त्यांना कळले नाहीत, परंतु एक चाल मनात बसली ती कायमची. पुढे पेवात उतरण्याचे काम मिळाले तेव्हा तीच चाल ते खाली म्हणत आणि वर दोरी धरून बसलेली माणसे ती ऐकत.

ती वही परत आलीच नाही. त्याऐवजी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर स्वतः सायकलने हरिपूरला आले. त्या काळी हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना चिंचा होत्या आणि उन्हातही सावलीतून येता येई. शाळेतले मास्तर घरी आले म्हणजे नातीने काही गुन्हा केला असणार, अशी आबांची समजूत झाली. सर ओट्यावर बसले, बशीतून चहा प्याले आणि पेवांविषयी विचारीत राहिले : फरशी किती जणांनी उचलायची, उन्हाळ्यात आत उकडते का, हळदीचा वास अंगाचा किती दिवसांनी जातो. नाटकाचा विषय त्यांनी काढलाच नाही. तासाभराने आबाच म्हणाले, “मास्तर, त्या बाईचं त्वांड मी बघितलं न्हाई, पर गळा असा की बैलंसुद्धा कान टवकारून हुभी.”

बालगंधर्व आमच्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे आणि ते स्त्रीभूमिका करीत, हे सरांनीच आम्हाला वर्गात शिकविले होते. मी ते सांगण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात सरांनी माझ्या हातात रिकामी कपबशी दिली आणि आबांना विचारले, “बैल कोणते होते आबा, खिलार?” आबा खुलले. बैलांची नावे, त्यांची किंमत, त्यांतला एक कुठल्या बाजारात घेतला ते सगळे सांगून झाले आणि त्या ओघात, मी स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत, त्यांनी ती चाल गुणगुणायला सुरुवात केली होती. सूर पक्का नव्हता. सर मांडीवर बोटाने ताल धरून, मान खाली घालून ऐकत होते. जाताना त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. एका शिक्षकाने पेवातल्या माणसाला नमस्कार करावा, ही आमच्या गल्लीत पुढे अनेक दिवस बोलली गेलेली गोष्ट होती.

सोमवारी वर्गात सरांनी विष्णुदास भावे यांचा धडा घेतला. 1843 साली सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ झाले, तेथून मराठी नाटकाचा प्रारंभ धरतात, हे सांगून झाल्यावर ते म्हणाले की, नाटक रंगमंदिरात जेवढे होते तेवढेच त्याच्या मागच्या गल्लीतही होत असते. नाटककार देवल हरिपूरचे, तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे आणि बालगंधर्व नागठाण्याचे. ही नावे ते एकाच दमात घेत आणि संगीत नाटक वरचे व तमाशा खालचा असा भेद करणाऱ्याला फळ्याजवळ उभे करीत. आमचे नाव त्यांनी कुठेही घेतले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पुढे मी बँकेत लागले. विदर्भात कर्जाच्या पाहणीसाठी गावोगाव फिरले आणि मुख्य व्यवस्थापक म्हणून 2021 साली निवृत्त झाले. उत्कृष्ट वसुलीबद्दल मुंबईत माझा सत्कार झाला, हे नमूद करताना संकोच वाटतो. पण त्या वसुलीचे रहस्य सरांच्या समासात होते. शेतकऱ्याला हप्ता विचारण्याआधी मी त्याची विहीर, त्याचे बैल आणि त्याच्या वडिलांचे गाव विचारीत असे. नोंदीची वही मी अजून लिहिते. वडिलांच्या अखेरच्या आजारात, त्यांनी खिडकीतून कोणते पाखरू पाहिले आणि रेडिओवर कोणते गाणे लागले असता डोळे उघडले, एवढेच मी लिहू शकले. आज तीच पाने मी पुन्हा पुन्हा वाचते, दवाखान्याच्या कागदांकडे पाहवत नाही.

हरिपूरला गेले की मात्र मन खट्टू होते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, हळद कुजली आणि पेवांचा व्यवहार जवळजवळ उठला. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी सहकाऱ्यांना पेढे वाटले, पण ज्या जमिनीत ती हळद राहत होती तिथे आता घरे उभी आहेत. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेल्याची बातमी मी पुण्यात टीव्हीवर पाहिली आणि पावसाळाभर पुलावर जाणाऱ्या त्या वर्गमित्राला फोन केला. त्याने आकडा मला बातमीच्या आधीच सांगितला. रस्त्यावरच्या चिंचाही पुष्कळ गेल्या. नव्या मुलांना प्रकल्पासाठी माहिती मोबाइलवर मिळते, ती बिनचूकही असते. पण आबांना ऐकू आलेली बाई तीत सापडणार नाही.

समितीला एक विनंती आहे. सरांच्या नावाने पारितोषिक ठेवण्याचा विचार चालू असल्याचे कळले. गुणांवर दिले जाणारे पारितोषिक त्यांना रुचले नसते. त्याऐवजी आठवीच्या वर्गाला शनिवारचा एक तास नोंदवहीसाठी द्यावा. वह्यांचा खर्च मी करीन आणि महिन्यातून दोनदा पुण्याहून येऊन समासात प्रश्न लिहिण्याचीही माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांना तसे स्वतंत्र पत्र पाठविले असून जूनपूर्वी उत्तर मिळाल्यास एस. टी.चे आरक्षण करणे मला सोयीचे जाईल.