संगीताचं मासिक मांडताना

सोमवार

"संगीतप्रेमी तरुण, वय 16 ते 30" हे वाचकाचं वर्णन कागदावर बरं दिसतं, पण त्यावरून एक पानही मांडता येत नाही. वयाच्या आधी विचारायचं ते हे, की हा माणूस संगीताचं करतो काय? नुसता ऐकतो, रेकॉर्ड जमवतो, स्वतः वाजवतो, की एखाद्या कलाकाराचा चाहता आहे? उत्तर पक्कं झालं की बरीचशी मांडणी तिथूनच सुटत जाते. ब्रिटनमध्ये 1978 साली निघालेलं 'स्मॅश हिट्स' गाण्यांचे पूर्ण शब्द छापायचं, कारण त्याच्या वाचकाला गाण्यासोबत गायचं होतं. 1923 पासून चालू असलेलं 'ग्रामोफोन' अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांच्या परीक्षणांवर उभं आहे. 1981 चं 'केरँग' हेवी मेटलवाल्यांसाठी निघालं आणि त्याचं नावच गिटारच्या दणक्याचा आवाज आहे.

वाजवणाऱ्याचं मासिक सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात आवडतं तेही तेच. ते मांडीवर नाही, वाजवताना समोर ठेवायच्या स्टँडवर उघडतं. म्हणजे वाचक पानापासून हातभर लांब आणि दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. म्हणून एक रचना समोरासमोरच्या दोन पानांत संपलीच पाहिजे. ती तिसऱ्या पानावर गेली तर पान उलटायची जागा विरामावर यावी, नाहीतर वाजवणं तुटतं. स्वरलेखन लेखाच्या मजकुरापेक्षा ठसठशीत हवं आणि त्याच्यामागे चित्र किंवा रंगाचा पट्टा नको. चकचकीत आर्ट पेपरवर दिवा चमकतो आणि पेन्सिलीची खूण उमटत नाही, म्हणून ही पानं मॅट किंवा साध्या कागदावरच घ्यावीत. बांधणी सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली, कारण परफेक्ट बायंडिंगचा, म्हणजे पाठीला गोंदाने चिकटवलेला, अंक सपाट राहत नाही, मिटतो. परफेक्ट बायंडिंग करावंच लागलं तर आतला समास 20 ते 25 मिमी ठेवावा.

चाहत्यासाठी मधलं पोस्टर. सेंटर पिनच्या अंकात अगदी मधली दोन पानं म्हणजे एकच सलग कागद, त्यामुळे चित्र तुटत नाही. पण पिना तिथेच बसतात, म्हणून चेहरा घडीवर येऊ देऊ नये, थोडा बाजूला सरकवावा. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. 32 पानी अंकात पोस्टर 16-17 वर असेल, तर त्याच्या पाठीमागे 15 आणि 18 ही पानं येतात. पोस्टर काढलं की तीही जातात. तिथे मोठी मुलाखत लावली असेल तर चाहत्याला पोस्टर आणि मुलाखत यांतलं एकच ठेवता येतं. त्या जागी जाहिरात किंवा त्याच कलाकाराची माहिती टाकावी.

बुधवार

मुखपृष्ठ. विक्रीच्या स्टॉलवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवले जातात, तेव्हा वरचा किंवा डावीकडचा तिसरा हिस्साच दिसतो. मासिकाचं नाव आणि मुख्य कलाकार त्या हिश्शात हवेत. कलाकाराचं डोकं नावावर येऊन दोन अक्षरं झाकली गेली तर दिसतं छान, पण ते नाव लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या मासिकालाच शोभतं. पहिल्या अंकाला हा मोह टाळावा.

मुख्य मथळा एकच, बाकीच्या ओळी चार-पाच. सगळ्या सारख्याच मोठ्या केल्या की एकही वाचली जात नाही. पॉपच्या वाचकासाठी थेट कॅमेऱ्यात बघणारा चेहरा चालतो, तर वादनाच्या मासिकाचा वाचक आधी बोटं आणि वाद्य बघतो, म्हणून तिथे हात चौकटीबाहेर गेलेला फोटो घेऊच नये. रंग तीन पुरेत, त्यातला एक फोटोतूनच उचललेला. पडद्यावर झगझगणारा हिरवा नि निळा चाररंगी छपाईत मळकट होतो. तोच हवा असेल तर पाचवी, खास शाई लावावी लागते आणि खर्च वाढतो. शेवटी मुखपृष्ठ 40 मिमी रुंदीचं करून बघावं, कारण फोनवर ते साधारण एवढंच दिसतं. तेवढ्यातही नाव वाचता आलं पाहिजे.

शनिवार

मैफलीच्या फोटोंवर जरा सविस्तर, कारण संगीताच्या मासिकात सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. डिजिटल फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनेलचा, बनतो. लाल एलईडी दिव्याखालच्या फोटोत लाल चॅनेल पूर्ण भरलेला असतो. छापताना त्याचा किरमिजी आणि पिवळ्याचा सपाट डाग होतो, नाक-डोळे हरवतात. तपशील बहुतेक वेळा हिरव्या चॅनेलमध्ये शिल्लक असतो. तो घेऊन फोटो कृष्णधवल करावा, दाणे दिसले तर दिसू द्यावेत. रॉकच्या अंकात ते शोभतातही. काळोख्या पार्श्वभूमीवर चारही शाया (प्रत्येक जास्तीत जास्त 100 टक्के) मिळून 300 टक्क्यांच्या वर गेल्या की शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. साध्या कागदावर ही मर्यादा आणखी खाली येते.

परीक्षणांच्या पानात अल्बमची चित्रं लहान असतात, पण मोजमाप तिथेही चुकतं. 600 पिक्सेल रुंदीचं चित्र 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, 50 मिमीच भरतं. ते 90 मिमीपर्यंत ताणलं की फुटतं.

मजकूर ए4 वर तीन स्तंभांत, स्तंभ 55 मिमीच्या आसपास, मध्ये 5 मिमी. देवनागरी 11 पॉइंटची असेल तर ओळीची उंची 15-16 ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. चाळिशीपुढच्या वाचकांसाठी 12 बरा. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचाच असावा. चार शायांचा काळा जरा सरकला तरी अक्षराला रंगीत कड येते. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर बारीक रेषांचा फॉन्ट नको, शाई पसरून त्या बुजतात.

गाणं ऐकवणारा क्यूआर कोड किमान 20 मिमीचा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद, भोवती मोकळी जागा ठेवून, आणि घडीपासून लांब. त्यामागचा दुवा नंतर बदलता येईल असाच घ्यावा, कारण गाणी एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे टाकली जातात आणि छापलेला कोड मात्र तोच राहतो.

डमी, म्हणजे अंकाची नमुना प्रत, तयार झाली की ती पाच-सहा खऱ्या वाचकांच्या हातात द्यावी. "आवडलं का?" असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. मुखपृष्ठ दाखवून "आत काय असेल?" असं विचारावं, मग गप्प बसून बघावं: आधी कुठलं पान उघडतात, कुठे थांबतात, कुठलं न बघता उलटतात.