भोजपूर: बाजार नेवारांचा, डोंगर किरातांचा

भोजपूर म्हटलं की आपल्याला बिहार आठवतो. हे भोजपूर पूर्व नेपाळच्या कोशी प्रांतातलं, अरुण नदीच्या पश्चिमेला डोंगराच्या धारेवर वसलेलं जिल्ह्याचं ठिकाण. अरुण आणि दूधकोशी यांच्या मधल्या या मुलखाला जुनं नाव आहे माझ किरात, म्हणजे मधला किरात. 1770 च्या दशकात गोरखाली फौजांनी हा मुलूख जिंकला.

इथे येणाऱ्याची पहिली चूक ठरलेली. तो बाजारात उतरतो, लाकडी सज्ज्यांची घरं पाहतो, जवळच्या टक्सारला पितळेचा करुवा (तोटीचा तांब्या) विकत घेतो आणि किरात संस्कृती पाहिली असं समजून परततो. बाजार आणि टक्सार दोन्ही नेवारांचे, म्हणजे मूळच्या काठमांडू खोऱ्यातल्या समाजाचे. टक्सार म्हणजे टांकसाळच. तिथली धातुकला सुंदर आहे, पण ती किराती नाही. राई, लिंबू, याक्खा आणि सुनुवार या किराती लोकांनी मंदिरं, राजवाडे फारसे बांधले नाहीत. त्यांचं सगळं धन चुलीशी, नाचात आणि मुंधुममध्ये आहे. मुंधुम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेली उत्पत्तीकथा, वंशकथा आणि विधींचे मंत्र. म्हणून इथे काय पाहायचं यापेक्षा कधी जायचं आणि घरात कसं वागायचं हे आधी ठरवावं.

कधी जायचं याचं उत्तर मराठी कालनिर्णयातच सापडतं. किराती वर्षाचे दोन भाग असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पक्षी आणि मासे वर सरकतात ती उभौली, थंडीत खाली येतात ती उधौली. उभौली वैशाख पौर्णिमेला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला. उधौली मंसिर पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीच्या आसपास. दोन्ही वेळा राई गावांत साकेला नाचतात (गटागणिक साकेवा, साकेन्वा अशीही नावं आहेत) आणि काही ठिकाणी तो पंधरवडाभर चालतो. सोय पाहिली तर उधौली बरी: आकाश स्वच्छ, रस्ते कोरडे, नाचणी नुकतीच घरात आलेली. वैशाखात धुरकट हवेमुळे हिमशिखरं बहुधा दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर दरडींचे महिने, तेव्हा जाऊच नये.

साकेलाची सुरुवात नाचाने होत नाही. आधी नाक्छोंग, म्हणजे मुंधुम जाणणारा पुजारी, थानावर भूमीची पूजा करतो. आलं, चिंडोमधली (भोपळ्याच्या तुंब्यातली) दारू आणि बहुतेक ठिकाणी कोंबड्याचा बळी. त्यानंतर ढोल आणि झ्याम्टा (मोठ्या झांजा) वाजायला लागतात आणि रिंगण धरलं जातं. पुढे नाचणाऱ्याचे हातपाय पाहत राहा. प्रत्येक हालचालीला सिली म्हणतात आणि प्रत्येक सिलीला अर्थ असतो: झुडपं तोडणं, पेरणं, लावणी, कापणी, सूत काढणं, पाखराचं उडणं. अर्धा तास नीट पाहिलंत तर वर्षभराची शेती डोळ्यासमोरून जाते. पाहुण्याला रिंगणात बोलावतात. शेवटच्या माणसामागे उभं राहून पावलं उचलावीत, मध्ये घुसू नये. पूजा चालू असताना कॅमेरा खाली ठेवावा, नंतर ‘फोटो खिच्न हुन्छ?’ असं विचारावं. बाजारात चौकशी करताना ‘साकेला कहाँ नाचिन्छ?’ एवढं पुरतं. लिपी देवनागरीच असल्यामुळे फलक वाचायला आपल्याला अडचण येत नाही.

घरात चुलीपाशी मात्र फार जपून वागावं. तीन दगडांची चूल, सुप्तुलुंग, हे राई घराचं देवस्थान आहे. ते दगड म्हणजे पूर्वज. त्यांना पाय लावू नये, ओलांडू नये, चुलीत थुंकू नये की कचरा टाकू नये. मोकळी जागा दिसली म्हणून चुलीच्या वरच्या बाजूला जाऊन बसू नये. घरचे दाखवतील तिथेच बसावं. चहा उकळायची जागा समजून पाहुणे तिथे बूट शेकायला जातात. घरचे काही बोलत नाहीत, पण दुखावतात.

राईंची भाषा एक नाही. भोजपूर परिसरात बांतवा जास्त ऐकू येते. साम्पांग, कुलुंग, चाम्लिंग, दुंगमाली वेगळ्या. ‘जति राई उति कुरा’ (जितके राई तितक्या बोली) अशी म्हणच आहे. दोन गटांचे राई एकमेकांशी नेपाळीतच बोलतात. म्हणून ‘राई भाषेत याला काय म्हणता?’ असं न विचारता ‘तुमच्या भाषेत’ असं विचारावं. नमस्काराला राई ‘सेवा’ म्हणतात, लिंबू ‘सेवारो’.

नेपाळीतला कोदो म्हणजे आपली नाचणी, आणि इथली तोंगबा (गरम पाणी ओतून प्यायची दारू) तिचीच. अख्खी नाचणी शिजवून चटईवर निववतात, त्यावर मर्चाची (यीस्टच्या वडीची) पूड भुरभुरतात, ऊब देऊन एक-दोन दिवस ठेवतात आणि मग भांड्यात तोंड बंद करून काही आठवडे मुरवतात. ती लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात (त्यालाही तोंगबाच म्हणतात) भरून वर गरम पाणी ओततात. पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि बांबूच्या नळीने ओढायचं. नळीचं खालचं टोक बंद असतं, बाजूला बारीक चिरा असतात. नळीने ढवळलं की या चिरांत दाणे अडकतात आणि काही वर येत नाही. नवख्यांचं हेच चुकतं. एका भरणीवर तीन-चार वेळा पाणी पडतं. चव सौम्य लागते, नशा उशिरा चढते, म्हणून तोंगबा रात्री जेवणाबरोबरच घ्यावी. घेत नसाल तर आधीच नम्रपणे सांगा. उष्टा केलेला पेला परत देऊ नका. शाकाहारी माणसाला दाल-भात आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार) सगळीकडे मिळतं. सुंगुर म्हणजे डुक्कर, हा शब्द लक्षात असू द्या.

वाट अशी: बागडोगऱ्याहून (सिलिगुडीजवळचा विमानतळ) पानीटंकी, पूल ओलांडून काकडभिट्टा, तिथून इटहरी, धरान. किंवा रेल्वेने जोगबनी आणि पलीकडे विराटनगर. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, फक्त आधारवर विसंबू नका. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, आणि जवळ 100 च्या नोटा असाव्यात. धरानहून धनकुटा, हिले, मग घाट उतरून लेगुवाघाटला अरुणवरचा पूल आणि पुन्हा चढ. धरानला मुक्काम करून सकाळची पहिली गाडी धरा, अख्खा दिवस हातात ठेवा. भोजपूरला विमानतळ आहे, पण ढग आले की छोटी विमानं रद्द होतात. परतीला दोन दिवस मोकळे ठेवा.

भोजपुरे खुकुरी घ्यायची असेल तर ती विश्वकर्मा समाजाच्या लोहारांच्या आरणातच घ्यावी. पोलाद बहुधा गाडीच्या पाट्याचं. तापलेल्या पात्याच्या धारेवर किटलीने पाणी सोडतात, त्यामुळे धार कडक होते, पाठ मऊ राहते आणि घाव घालताना पातं तुटत नाही. मूठ हलवून पाहावी. खुळखुळली तर सोडून द्यावी. विमानात खुकुरी चेक-इन सामानातच टाकावी.

पायांत बळ आणि हाताशी आठवडा असेल तर चखेवा भंज्यांगहून (भंज्यांग म्हणजे खिंड) मुंधुम पदमार्ग धरा: मैयुंग डांडा, हांसपोखरी, साल्पा पोखरी (सुमारे 3400 मीटर) आणि शेवटी सिलीचुंग (4153 मीटर). साल्पा हे किरातांचं पवित्र तळं, पौर्णिमांना तिथे जत्रा भरते. धारेवर पाण्याचे झरे थोडे, म्हणून प्रत्येक मुक्कामाला विचारूनच बाटल्या भराव्यात. स्थानिक वाटाड्या घ्यावा, कारण धुक्यात गोठ्यांच्या वाटा आणि मुख्य वाट सारखीच दिसते, आणि वाटेवरच्या कुठल्या दगडाची कुठली मुंधुम कथा ते सांगणारं दुसरं कुणी तिथे भेटत नाही.