गोधडीच्या मांडणीसाठी घरगुती फ्लॅनेल बोर्ड

गोधडीचे तुकडे पलंगावर मांडले की हमखास फसायला होतं. उभं राहून पाहताना जवळच्या ओळी मोठ्या दिसतात, पलीकडच्या आक्रसतात, आणि गडद रंग एकाच कोपऱ्यात गोळा झालेत हे शिवून झाल्यावर कळतं. मांडणी डोळ्यांसमोर उभीच हवी. त्यासाठी फ्लॅनेल चढवलेला बोर्ड उभा करून त्यावर तुकडे लावून पाहायचे.

फलक बनवणाऱ्या दुकानातून ८ बाय ४ फुटांचा, ५ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) घ्या आणि तिथेच ४ बाय ४ चे दोन तुकडे करून घ्या. आख्खा बोर्ड ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावणार नाही. ३ मिमीचा नको. कापड ताणलं की वाकतो. नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्डही नको, इथल्या पावसाळ्यात तो ओल धरतो.

त्यावर बाळाच्या दुपट्याला वापरतात ते सुती फ्लॅनेल, पांढरं किंवा राखाडी. फ्लॅनेलच्या लवेत सुती तुकडा आपसूक धरला जातो. बोर्ड ४८ इंच, दोन्हीकडे दुमडायला ४-४ इंच, म्हणजे ५६. पन्हा ५८ इंच असेल तर दोन्ही बोर्डांना ३ मीटर पुरतं. इस्त्री करून पसरा, आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य मागे कापडी टेपने चिकटवा, मग कोपऱ्यांकडे सरका. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्ये झोळ राहतो. दमट हवेत टेप सुटतो, म्हणून मागच्या कडा जाड दोऱ्याने आडव्या-उभ्या ओढून बांधाच.

आता सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट. ६॥ इंचाचा कापलेला तुकडा शिवल्यावर ६ इंचच उरतो, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं. ६० बाय ९० च्या गोधडीला १० बाय १५ तुकडे लागतात. न शिवता शेजारी-शेजारी लावले तर रुंदीच ६५ इंच होते. नक्षी मोठी, मोकळी वाटते आणि शिवल्यावर दाटते. म्हणून तुकडे अर्धा इंच एकमेकांवर चढवून लावा. बोर्ड शेजारी ठेवून एका वेळी ७ ओळी बसतात. पुढचा भाग मांडताना आधीची शेवटची ओळ वर ठेवली की दुवा तुटत नाही.

पंखा चालू असेल तर तुकडे उडतात. टाचणी बोर्डात खुपसू नका, तिरकी करून फ्लॅनेलमध्येच अडकवा. खण किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा लवेत टिकत नाही, त्याला टाचणी लागतेच. ती शिलाईच्या पाव इंचातच टोचा, म्हणजे भोक दिसणार नाही. पावसाळ्यात टाचण्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, गंजाचा डाग निघता निघत नाही. बोर्डही बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल आली की मागे बुरशी धरते.

आठ-दहा फूट मागे जाऊन मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेचे दिसले तर तिथे उठाव नाही, एक बदला.

पटलं की प्रत्येक ओळ डावीकडचा तुकडा वर राहील अशी रचून उचला आणि त्यावर ओळीच्या क्रमांकाची चिठ्ठी टाचा.